अर्ध्या नारळाची बोट

पिकअपच्या मागच्या फळीवर कोण कुठे बसणार, हे दत्ताराम ठरवायचा. त्याला तसा कुणी अधिकार दिलेला नव्हता. बहरीनमध्ये मुहर्रकच्या कॅम्पातून हिद्दच्या पलीकडच्या ड्राय डॉककडे रोज सकाळी आम्ही आठजण त्या पिकअपमधून जायचो. पहिल्याच दिवशी मी चढलो आणि रिकामी दिसलेली जागा धरून बसलो, तर समोरून एक काळासावळा, मिशीवाला माणूस मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाला, "ऐंशी किलो. उजवीकडे ये."

मी म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर."

"तां जेवच्या आधी. उजवीकडे ये."

माझ्या समोर बसलेल्या दोन मल्याळी वेल्डरांना त्याने पुढे सरकवलं, एका पठाणाला मागे बोलावलं, मग खाली उतरून गाडीच्या मागे उभा राहिला आणि एक डोळा मिटून पाहिलं. गाडी सरळ आहे याची खात्री झाल्यावरच ड्रायव्हरला म्हणाला, "यल्ला." वर चढताना मला समजावलं, "गाडयेक वजन जड जाणा नाय. वाकडां वजन जड जाता." मी वसईचा. मालवणी समजायला मला चार दिवस लागले, आणि दत्ताराम समजायला चार वर्षं.

तो डॉकमध्ये व्हॉल्व्हचा फिटर होता आणि मी स्टोअरकीपर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोठमोठी तेलवाहू जहाजं दुरुस्तीला यायची, त्यांच्याखालचं पाणी उपसलं जायचं आणि आठ-दहा मजली लोखंड उघडंवाघडं समोर उभं राहायचं. बाकीच्यांना ते काम वाटे. दत्तारामला ती माहेरी आलेली लेक वाटे. अंग धू, दुखणं बघ, रंग लाव आणि बोलणी खायला लागू नयेत म्हणून वेळेवर सासरी पाठव. जहाज परत तरंगायच्या आदल्या दिवशी तो हमखास माझ्या खिडकीशी यायचा. किती प्लेटा बदलल्या, जुना पंप किती किलोचा, नवा किती किलोचा, सगळं माझ्या नोंदीतून विचारून घ्यायचा. हे हिशेब करायला इंजिनियर होते, ते करतही होते. पण दत्तारामचं म्हणणं, "कागद खोटो बोलता. व्हॉल्व खोटो बोलणा नाय." पाइपाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाला टेकवायची आणि आत कुठे गळतंय ते सांगायचं, यात त्याचा हात धरणारा डॉकमध्ये कुणी नव्हता. गंमत म्हणजे त्याला पोहता येत नव्हतं. जन्म देवगडच्या किनाऱ्यावर, पोट समुद्रावर, आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं की हा मागे.

त्यावरून मी त्याला एकदा चिडवलं. शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. मी चर्चमधून मिस्सा आटोपून आलो होतो आणि तो कॅम्पच्या पायरीवर जवळ्याची चटणी कुटत बसला होता. म्हटलं, "दत्ताभाऊ, खलाशाचा मुलगा आणि पोहता येत नाही?"

तो कुटायचा थांबला. म्हणाला, "माझो बापूस समुद्राच्या तळाक जावन इलेलो आसा. मी वर रवलंय तर काय बिघाडला?"

मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने ती गोष्ट सांगितली.

त्याचे वडील, बाबाजी, तरुणपणी गलबतावर खलाशी होते. दत्तारामची थोरली बहीण जन्मली त्या साली त्यांचं गलबत तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, जिबूती बंदरात अडकून पडलं. तिथे फ्रेंचांचं राज्य. बाबाजी बंदरात मजुरी करू लागले. एके दिवशी फ्रेंच नौदलाची पाणबुडी आली. तिच्यात सामान चढवायला म्हणून मजूर नेले आणि झाकण बंद करून बोट खाली! "थयसर आमका बसवल्यानी नाय," असं बाबाजी सांगायचे, "आमी बारा जण. आमका धावडवल्यानी. फुडे धाव, मगे पाठी धाव. मगे परत फुडे. कित्या, तां देवाक ठावक."

आता गावाने यातलं काय काय ऐकून घ्यावं? तळाला जाऊन आलो, हे एकवेळ ठीक. पण फ्रेंच साहेब पाणबुडीत माणसं कोंडून त्यांची पळापळी घेतो, यावर देवगड तालुक्यात कुणाचाही विश्वास बसला नाही. बाबाजी सांगत राहिले, लोक हसत राहिले. शेवटी एका वर्षी जत्रेत दशावताराचा खेळ रंगात आलेला असताना संकासुराने, म्हणजे नाटकातल्या त्या काळ्या झुलीच्या विनोदी राक्षसाने, भर देवळासमोर या टोकापासून त्या टोकाला धावत विचारलं, "फ्रेंच सायबानू, खय धावू? फुडे की पाठी?" सगळी जत्रा लोळून हसली. दत्ताराम तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, बापाच्या शेजारी बसलेला. तोही हसला होता.

"मी पण हसलंय, पाद्रीबाबा," तो मला म्हणाला. मी ख्रिस्ती म्हणून त्याने मला पाद्री करून टाकलं होतं. "त्या दिसापासून बापाशीन ती गोष्ट कोणाक सांगूक नाय. आता ऐंशीक इलो. तेच्या जिवात जीव आसा तवसर माका तां खरां करून दाखवचां आसा."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर माका कळतला. गावाक कळाचा नाय."

त्याच्याजवळ पुरावा एकच होता. बाबाजींनी घराच्या भिंतीवर कोळशाने काढलेलं, पाणबुडीच्या बुरजावरचं चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या माणसाने आकार लक्षात ठेवला होता: एक उभा फोडलेला अर्धा नारळ, इंग्रजी डीसारखा, आणि शेजारी काठी. दत्तारामने ते एका सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर उतरवून घेतलं होतं आणि पाकीट कायम खिशात. म्हणून त्या बोटीचं आमच्यात नाव पडलं ते अर्ध्या नारळाची बोट. तिचं खरं नाव फ्रेंच होतं, आणि ते आमच्यापैकी एकालाही नीट उच्चारता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी एक फ्रेंच तेलवाहू जहाज डॉकमध्ये आलं. त्याचा चीफ इंजिनियर पांढऱ्या केसांचा, थकलेला, निवृत्तीला टेकलेला गृहस्थ होता. नौदलातून आलेला, असं कुणीतरी म्हणालं, आणि दत्तारामने माझी मानगूट धरली.

"चल. तू फ्रेंचात बोल."

"मला कुठे फ्रेंच येतं?"

"तुमी किरिस्तांव. तुमका येवक व्हया!"

"अहो, आमच्याकडे पोर्तुगीज होते. आणि पोर्तुगीज म्हणाल तर चावी, पगार, बटाटा. तेवढं तुम्हालाही येतं."

त्याचा माझ्या धर्मावरचा विश्वास त्या दिवशी थोडा कमी झाला. मी इंग्रजीत बोललो. म्हाताऱ्याने पाकिटाचा कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग मला विचारलं, "हा माणूस पाणबुडीत होता?" मी म्हटलं, "याचे वडील. निदान ते तसं म्हणतात." त्याने साल विचारलं. दत्तारामने बहिणीचं वय सांगितलं, आम्ही उलटी मोजणी केली. म्हातारा कागदावर काहीतरी टिपून निघून गेला आणि जहाजही गेलं. आम्ही विसरलो. म्हणजे मी विसरलो.

आठ महिन्यांनी पोस्टातून जाडजूड पाकीट आलं. टाइप केलेल्या चौदा पानांच्या फोटोकॉपी. त्या पाणबुडीची जन्मापासून भंगारापर्यंतची नोकरी. वर इंग्रजीत एकच ओळ: हाच तुमचा नारळ असावा.

आता वाचणार कोण? शेवटी मेसमधला मुनीर सापडला. ट्युनिशियाचा, पाव भाजायला होता. फ्रेंच तो शाळेत मार खाऊन शिकला होता. सौदा ठरला: दर शुक्रवारी एक पान, आणि पानामागे एक बाटली जवळ्याची चटणी. मुनीर ती पावाला लावून खायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि अरबी-हिंदी-इंग्रजीची खिचडी करून वाचायचा. मी ती मराठीत करायचो. शनिवारी सकाळी पिकअपमध्ये दत्ताराम ती सांगायचा. माझ्या तीन ओळींची त्याच्या तोंडी पंचवीस मिनिटं व्हायची.

पहिल्या महायुद्धानंतर बांधलेली बोट. पाण्यात उतरवतानाच अडकली, मग दोन तासांनी आपण होऊन सुटली. "मानी आसा," दत्ताराम म्हणाला. पहिल्या चाचणीत इंजिनाने धूर ओकला. दुसऱ्या वर्षी सरावात वाळूत रुतली. तिसऱ्या वर्षी वर येताना एका कोळ्याचं जाळं डोक्यावर घेऊन आली. त्या जाळ्यात मासळी कोणती होती याबद्दल पिकअपमध्ये वाद झाला. दस्तऐवजात ते नव्हतं, पण दत्तारामने बांगडे ठरवून टाकले. बोट ट्युनिशियात बिझर्ता बंदरात पोचली तेव्हा मुनीरने एका पानाला दोन शुक्रवार घेतले, कारण तो बिझर्ताचा. कोणत्या धक्क्याला लागली असेल, तिथे समोर कुणाचं कॉफीचं दुकान होतं, सगळं सांगितलं. चटणीच्या बाटल्याही दोन घेतल्या.

हळूहळू सगळी पिकअप त्या बोटीची झाली. पठाण चढतानाच विचारायचा, "आज किधर पहुंचा?" वेल्डर सुट्टीवर केरळला गेले तर परत आल्यावर मधलं कथानक ऐकल्याशिवाय चहा घेईनात. युद्ध नाही, लढाई नाही, एक तोफ उडाली नाही. कुणी ताप येऊन उतरला, कुणी कप्तान बदलला, रंग लावला, तळ खरवडला. आम्ही दुरुस्तीवाले. आम्हाला याहून जास्त काय लागतं?

नवव्या पानावर ती सुएझ ओलांडून सायगावच्या वाटेला लागली. दहाव्यावर जिबूती.

त्या शुक्रवारी दत्तारामने आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुनीरने पान वर-खाली पाहिलं आणि मान हलवली. "साल बराबर. जिबूती बराबर. लेकिन बोट बाहर नहीं गया. पोर्ट में बांधा, बीस दिन. बैटरी खराब, नया डाला. आधा आदमी बुखार. मफी गोता, दत्ता, गोता नहीं मारा. फिर कोलंबो गया. खलास."

"परत वाच," मी म्हटलं.

त्याने परत पाहिलं. बंदरात बांधलेली. समुद्रात गेलीच नाही, तर तळाला कुठून जाणार?

दत्तारामने पानाची घडी केली, चटणीची बाटली मुनीरच्या हातात दिली आणि खोलीवर गेला. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माणूस मूर्खासारखं बोलतो. मी त्याच्या मागे जाऊन म्हणालो, "दत्ताभाऊ, मराठीत तर मीच लिहिणार आहे. एक ओळ घालू. गावात फ्रेंच कोण तपासणार? माझ्याकडे शिक्कासुद्धा आहे."

त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. रागाने नाही. "खोटांच लिवचां, तर बापाशीचा तोंड काय वायट होता?" तो म्हणाला. मी बाहेर आलो.

त्यानंतर तीन आठवडे पिकअपमध्ये कुणी कुणाला कुठे बसवलं नाही. जो तो वाटेल तिथे बसे. दत्ताराम कोपऱ्यात, समुद्राकडे तोंड करून. बोटीची पुढची चार पानं तशीच राहिली आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. गाडी एका बाजूला झुकून चालू लागली. एका सकाळी मडगार्ड टायरला घासून असा आवाज यायला लागला की ड्रायव्हर पठाणाच्याच भाषेत शिव्या देत खाली उतरला.

माझा संयम सुटला. मी म्हटलं, "चला, उठा सगळे. तू पुढे जा. तू मागे. नाही, अजून मागे. आता तू पुढे." वेल्डर पुढे पळाले, मागे आले. गाडी उजवीकडे झुकली, मग डावीकडे, मग हळूच सरळ झाली. मी खाली उतरून एक डोळा मिटून पाहत होतो. मान वळवली तर दत्ताराम उभा राहिला होता. तोंड उघडं.

"फुडे धाव," तो पुटपुटला. "मगे पाठी धाव."

"काय झालं?"

"पाद्री, मुनीर काय म्हणालो? नवी बॅटरी घातल्यानी?"

"हो."

"पाणबुडयेची बॅटरी म्हणजे खेळण्याची न्हय. टनावारी वजन! जुनी काढली, नवी घातली, म्हणजे तोल बदाललो. मगे तेंका बोट तोलूक व्हयी. आणि पाणबुडी तोलूची खय? पाण्याच्या वर?" त्याने माझे दोन्ही खांदे धरले. "बुडवान, मेल्या, बुडवान! धक्क्याक बांधूनच! आणि आत माणसां फुडे-पाठी धावडवान बघूचां, नाक खाली जाता की शेपूट!"

त्या दिवशी काम कसं उरकलं ते मला माहीत नाही. शिफ्ट सुटल्यावर आठही जण तसेच कामाच्या कपड्यांत मेसच्या मागच्या दाराशी. मुनीर पीठ मळत होता. आठ माणसं पाहून तो घाबरला. पान समोर धरलं तेव्हा म्हणाला, "हाँ, नीचे दो लाइन और है. लेकिन वो तो वजन का काम है, टेक्निकल. स्टोरी नहीं है, इसलिए छोड़ दिया."

"वाच!" आठजण ओरडले.

पिठाचं बोट कागदावर फिरवत त्याने वाचलं. मी लिहून घेतलं ते असं: नवीन बॅटरी बसवल्यावर धक्क्यालगत बोट बुडवून तोल तपासला. खोली अकरा मीटर. बूड चिखलाला टेकलं. चाळीस मिनिटं. खलाशी तापाने आजारी असल्याने हलतं वजन म्हणून बंदरातले बारा मजूर आत घेतले.

बारा. मग पठाण म्हणाला, "ग्यारह मीटर? इतना तो अपना डॉक भी होगा." आणि खुदकन हसला.

दत्ताराम त्याच्याकडे वळला. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "तळ म्हणजे तळ! अकरा मीटरांचो असलो म्हणान तो काय माळो जाता?"

मी हे मराठीत सुवाच्य अक्षरांत लिहिलं, खाली फ्रेंच मजकूर जोडला. दत्तारामला शिक्का पाहिजे होता. खऱ्या कागदाला शिक्का असलाच पाहिजे, असं त्याचं मत आता अचानक झालं होतं. माझ्याकडे स्टोअरचा एकच शिक्का: माल तपासून मिळाला. मी तो मारला. जत्रेच्या बेताने त्याने सुट्टी काढली. बॅग नेहमीप्रमाणे वीस किलो, ना एक चमचा जास्त, ना कमी. कागद शर्टाच्या आत.

दीड महिन्याने परत आला. आम्ही सगळे पिकअपमध्ये वाट पाहत होतो. त्याने सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं, गाडी सरळ केली आणि एवढंच म्हणाला, "वाचून दाखवलंय." पुढे विचारलं तर, "सांगतंय एकदा." मग दोन महिन्यांत गावाहून पत्र आलं की बाबाजी गेले. मग कुणी विचारलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास माझं बहरीन संपलं. मुलीची शाळा, आईचं दुखणं, जी कारणं सगळ्यांची असतात तीच. विमानतळ मुहर्रकलाच, कॅम्पापासून हाकेच्या अंतरावर. तरीही मला सोडायला अख्खी पिकअप आली, मुनीरसकट. त्याच्या हातात रिकामी बाटली होती, ती त्याने आठवण म्हणून दत्तारामला परत आणली होती, बहुतेक भरून मिळेल या आशेने.

दाराशी उतरलो. दत्ताराम माझी बॅग हातात तोलत म्हणाला, "एकवीस. जाडी पुस्तकां काढ." मग बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"जत्रेत मी कागद वाचूचंय म्हणान उभो रवलंय. बापूस फुडे खुर्चयेत. चालाक येणा नाय, दोघांनी उचलून हाडलेलो. मी वाचलंय, अकरा मीटर, बारा माणसां, कशाक धावडवली तां सांगलंय. लोक गप. मगे संकासुर इलो. नवो पोरगो, तेका आदली थट्टा ठावक नाय. तो सरळ बापाशीच्या फुड्यात जावन वाकलो आणि इचारल्यान, 'आजोबानू, खय धावू?'"

त्याने मिशी पुसली.

"आणि बापूस उठलो, पाद्री. माझो हात सोडल्यान. ह्या टोकापासून त्या टोकाक धावलो. मगे परत. संकासुर पाठी. तीन फेरे! आख्खी जत्रा उभी रवली. तो पडात म्हणान मी धरूक गेलंय तर माका म्हणता, 'बाजूक हो रे. तोल जायत.'"

आम्ही दोघंही हसलो आणि हसता हसता मी रडलो. तो रडला नाही. त्याने मला दारात ढकललं. "जा. इमान तुझ्यासाठी रवाचा नाय."

काचेच्या आतून मी मागे पाहिलं. सगळे पिकअपमध्ये चढत होते. माझी उजवीकडची जागा रिकामी राहिली होती आणि गाडी डावीकडे झुकली होती. आता हा कुणाला तरी तिथे सरकवणार, म्हणून मी थांबलो. दत्ताराम गाडीच्या मागे उभा राहिला, एक डोळा मिटून पाहिलं. मग कुणालाच न हलवता स्वतः वर चढला आणि माझ्या जागेवर जाऊन बसला.